न जिरलेला वातापी

कालवाला रक्त असतं, पण त्या रक्ताला रंग नसतो. दोन शिंपल्यांमधल्या ओलसर, करड्या अंधारात तीन कप्प्यांचं एक इवलंसं हृदय आपल्या मंद लयीत हलत राहतं, आणि त्यातून निघालेला तो निर्वर्ण ओघ नळ्यांतून थोडं अंतर जातो न जातो तोच नळ्या संपतात. मग भाताच्या खाचरात बांध फोडून पाणी सोडावं तसा तो देहभर मोकळा होतो, कल्ल्यांच्या झालरींतून, आतड्याच्या वळणांभोवतीने, मांसाच्या कणाकणातून पाझरत, जिथे पोचेल तिथला होऊन. या रक्ताला काठ नाहीत.

आणि त्यात पेशी असतात. मी त्या पाहिल्या तेव्हा मेरीलँडमध्ये राहत होते, चेसापीक उपसागराच्या एका चिंचोळ्या फाट्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कालवांच्या आजारांवर काम करणारी एक मैत्रीण तिथे मिळाली होती. तिने शिंपल्याच्या कडेला कानशीने एक खाच पाडली, खाचेतून सुई आत सरकवली, शिंपले मिटून धरणाऱ्या जाड स्नायूपाशी ती थांबवली आणि दट्ट्या अगदी सावकाश मागे ओढला. काचपट्टीवर तिने जो थेंब सोडला तो पाण्याचाच म्हणून खपला असता. "बघ आता," ती म्हणाली, "पण घाई करू नकोस. त्यांना जरा बसू दे."

आधी नुसते गोल. काही स्वच्छ, आत जवळजवळ काही नसल्यासारखे. काही बारीक कणांनी गच्च भरलेले, आणि ते कण आतल्या आत थरथरणारे. मग एका गोलाच्या कडेतून दिसेल न दिसेल असा एक तंतू बाहेर आला, काचेला टेकला, चाचपडला, दुसऱ्या दिशेने दुसरा निघाला, आणि बघता बघता त्या गोलाने आपलं गोलपण सोडलं, काचेवर तो पसरत गेला, त्याची कड इतकी पातळ झाली की ती कुठे संपते आणि प्रकाश कुठे सुरू होतो ते कळेना, आणि मग ती अख्खी पेशी, आपले चमचमते कण पोटाशी गोळा करून, एका बाजूला निघाली. तिच्या शेजारची निघाली. पलीकडची निघाली. ज्या जिवाने जन्मानंतर दोन-तीन आठवडे पोहून एकदा कुठल्याशा शिंपल्याला अंग चिकटवलं आणि मग आयुष्यभर जागा सोडली नाही, त्याच्या पोटात एवढी सगळी भटकंती.

मी बराच वेळ डोळा काढला नाही.

या पेशींना किती कामं! आतड्यातून अन्नाचे कण उचलायचे आणि वाटेत पचवत गरजवंतापर्यंत न्यायचे. शिंपला कुठे तडकला तर चुन्याचे स्फटिक अंगात घेऊन तिथवर जायचं आणि ते भेगेपाशी ठेवायचे. 2004 साली शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष टिपलं, तोवर शिंपला म्हणजे नुसतं बाहेरून साचलेलं कवच असाच बहुतेकांचा समज होता. आणि पहारा. आपल्यासारखी प्रतिपिंडं कालवाकडे नसतात. गोवर एकदा येऊन गेला की शरीर त्याचा चेहरा जन्मभर लक्षात ठेवतं, तसली आठवण या रक्तात नाही. आलेला प्रत्येक जण अनोळखी, आणि प्रत्येकाशी एकच वागणं: जवळ जायचं, हात लावून बघायचं, गिळायचं.

गिळणं हेच संरक्षण, हे माणसाला उमगलं तेही समुद्राकाठीच. 1882 साल, सिसिलीतलं मेसिना. इल्या मेच्निकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाच्या घरचे सर्कस बघायला गेले होते आणि तो सूक्ष्मदर्शकापाशी एकटा बसला होता. समोर तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं, आणि त्यांच्या आत हिंडणाऱ्या पेशी. त्याच्या मनात आलं, या पेशी पाहुण्याला भिडत असतील का? बागेतल्या गुलाबाचा काटा आणून त्याने एका पिल्लाच्या अंगात टोचला. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी काट्याभोवती पेशींची दाटी झाली होती. 1908 साली त्याला नोबेल मिळालं, पाउल एर्लिख याच्यासोबत विभागून, आणि पुस्तकांत त्याचा सिद्धांत आला; मला मात्र ती रात्र हवीशी वाटते. घर रिकामं, दिवा, आणि आपण टोचलेल्या काट्याभोवती कुणी जमतंय का याची वाट पाहणारा एक अस्वस्थ माणूस.

आमच्याकडे पोटभर जेवण झालं की आजी पोटावरून उजवा हात फिरवायची आणि अगस्तीचं नाव घ्यायची. आम्हा मुलांनाही करायला लावायची. मग कधी लहर आली तर गोष्ट. इल्वल आणि वातापी हे दोघे असुर भाऊ. वातापी मेंढा व्हायचा, इल्वल त्याला कापून, शिजवून, मोठ्या आदराने ब्राह्मणाला वाढायचा, आणि जेवण झाल्यावर दारात उभा राहून हाक मारायचा. वातापी बाहेर यायचा. पोट फाडून. कितीजणांना त्यांनी असं संपवलं, आणि मग एक दिवस अगस्ती जेवायला आला, सगळा मेंढा एकट्याने खाल्ला, ढेकर दिला, आणि इल्वल हाका मारत राहिला तरी कुणी बाहेर आलं नाही.

हा तोच अगस्ती, ज्याने समुद्र पिऊन टाकला होता, कारण त्याच्या तळाशी कालेय नावाचे असुर दडून बसले होते.

चेसापीकच्या पाण्यात जो वातापी आहे त्याचं नाव पर्किन्सस मरीनस. त्याचा शोध लागला तो मात्र तिथून दूर, मेक्सिकोच्या आखातात. 1940च्या दशकाच्या अखेरीस लुइझियानातल्या कालवांच्या बागा उन्हाळ्यात मरायला लागल्या तेव्हा बागायतदारांनी तेल कंपन्यांवर दावे ठोकले. समुद्रात विहिरी खणणारे तेच, तवंग त्यांचाच, मग दुसरं कोण? कंपन्यांनी आपला बचाव शोधायला शास्त्रज्ञांना पैसे पुरवले, आणि शास्त्रज्ञांना कालवाच्या मांसात एक बारीक गोल जीव सापडला. मॅकिन, ओवेन आणि कॉलियर या तिघांनी 1950 साली त्याची नोंद केली. त्यांना तो बुरशीतला वाटला. तसंच नावही दिलं, आणि त्या नावाचा तुकडा होऊन राहिलेलं 'डर्मो' तिथले कालववाले अजून वापरतात, जरी 1978 साली त्याला पर्किन्सस हे नवं नाव मिळालं आणि पुढे तो बुरशीपेक्षा मलेरियाच्या जंतूला कितीतरी जवळचा निघाला तरी. तेल कंपन्या हिवतापाच्या भाऊबंदामुळे सुटल्या, हे मला अजून गमतीचं वाटतं, आणि थोडं अस्वस्थ करणारंही; दिसणाऱ्या शत्रूकडे बोट दाखवायची आपल्याला इतकी सवय असते.

त्याला डोळ्यांपुढे आणायची रीत सॅमी रे या टेक्सासच्या शास्त्रज्ञाने 1952 साली शोधली, आणि आजही ती चालते. कालवाच्या कल्ल्याचा, आतड्याच्या टोकाचा एक तुकडा थायोग्लायकोलेटच्या द्रवात घालून आठवडाभर अंधारात ठेवायचा. आतला परजीवी वाढत नाही, फुगतो. मग तुकडा काचेवर घेऊन आयोडीनचा थेंब टाकायचा. मैत्रिणीने टाकला. पिवळट मांसाच्या त्या चिंधीत एक काळानिळा ठिपका उमटला, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग दहा, मग एकाएकी सगळीकडे, काठोकाठ गोल, दाट, निळ्याच्याही पलीकडच्या निळ्या रंगाचे, जसं काही त्या मांसाच्या आत मघापासून रात्र होती आणि आता तिने फक्त तारे लावले. किती सुंदर, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मैत्रीण म्हणाली, "हे कालव फार तर दोन आठवडे जगलं असतं."

हा वातापी आत शिरतो कसा? खरं तर शिरत नाही. त्याला घेतलं जातं. प्रत्येक जिवाच्या पेशीवर साखरेच्या बारीक साखळ्यांची लव असते, आणि कालवाच्या रक्तपेशींच्या अंगावर गॅलेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, ज्याचं काम म्हणजे समोरच्याची लव चाचपून बघणं. ते जिवाणूंना धरतं, पाण्यातल्या एकपेशी शेवाळाला धरतं, पण 2007 साली त्याचं वर्णन झालं तेव्हा दिसलं की त्याची खरी ओढ पर्किन्ससकडे आहे. परजीवी जवळ आला की पेशी त्याला बिलगते. पुढे 2013 साली कळलं की हेच प्रथिन कालवाच्या स्वतःच्या पेशींवरच्या साखरेलाही धरतं, आणि ती साखर माणसाच्या ए रक्तगटाच्या खुणेशी मिळतीजुळती आहे.

माझा रक्तगट ए आहे.

सूक्ष्मदर्शकात या परजीवीचा आकार अंगठीसारखा दिसतो: मध्ये मोठी पोकळी आणि केंद्रक एका कडेला, खडा बसवावा तसं. त्याच्याकडे बघताना अशोकवनात वरून पडलेली मुद्रिका आठवल्यावाचून राहत नाही. खूण पटली, की विश्वास. पहारा देणाऱ्यालाही कधीतरी कुणीतरी आपलं वाटावं लागतं, नाहीतर तो कुणाला जवळ येऊ देईल आणि कुणाला ओळखेल? स्पर्शाशिवाय ओळख नाही, आणि स्पर्श झाला की दार उघडलेलंच असतं.

गिळलेल्यावर पेशी आपल्या पोटात आग पेटवते. प्राणवायूचीच दाहक रूपं, ज्यांत जिवाणू जळून जातात. पर्किन्सस ती विझवतो. त्याच्याकडे तेवढ्यासाठी खास विकर आहे. आणि मग त्या विझलेल्या पोटात, यजमानाच्या उबेत, तो वाढतो, दुभंगतो, एकाचे चार, चाराचे आठ, पाकळ्यांसारखे एकमेकांना लगटून; आणि पेशी, जिला हिंडायचं तेवढं माहीत, त्यांना घेऊन हिंडत राहते, कल्ल्यांपासून आतड्यापर्यंत, आतड्यापासून हृदयापर्यंत, त्या काठ नसलेल्या रक्तातून जिथे जायला कुणाची आडकाठी नाही तिथे सगळीकडे. पहारेकरीच पालखी होतो.

पेशीपाशी अजून एक उपाय असतो. वेळेवर मरणं. आत शत्रू आहे हे कळलं की आपण होऊन, नीटनेटकं, आवरून मरून जायचं, म्हणजे शत्रूला राहायला घर उरत नाही. पर्किन्ससचे जास्त मारक वाण हे मरण लांबवतात, असं प्रयोगांत दिसलंय. इथे मला कालवाची कीव येते, कारण मरण आवरून धरायची कला मुळात त्याचीच. पॅसिफिक महासागरातल्या त्याच्या चुलतभावाचा जनुकसंच 2012 साली वाचून झाला, तेव्हा पेशीला मरू न देणारी 48 जनुकं त्यात सापडली. माणसात ती 8 आहेत. ओहोटीला पाणी हटतं, डोक्यावर ऊन, आणि शिंपला मिटून घोटभर खाऱ्या पाण्यावर तासन् तास काढायचे. ज्याचं जगणंच असं, त्याला तग धरण्याचे इतके मार्ग शिकावेच लागले असणार. आणि तगणं हीच जागा शत्रूने राहायला निवडली.

शेवटी पेशी फुटते. कुणीतरी हाक मारल्यासारखी.

आजीबद्दल घरात सगळे एकच सांगत: तिने सगळं पोटात घातलं. सासूचं बोलणं, आजोबांचा तापट स्वभाव, दिरांच्या संसारासाठी स्वतःच्या संसाराला लावलेली कात्री. ते कौतुकाने सांगत आणि आजी काही न बोलता तांदळातले खडे वेचत राही. तिची नव्वदी जवळ आली होती तेव्हाची एक दुपार. ओटीवर माणसं होती, धाकटे काका आपल्या शिक्षणाच्या दिवसांचं रंगवून सांगत होते, मुंबईला जायला पैसे कसे कुठून कुठून उभे राहिले त्याचं, आणि आजी सुपातून मान वर न करता म्हणाली, "माझी पाटली होती ती."

कुणाला काही सुचेना. कितीतरी वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. तिचा आवाज चढलेला नव्हता, सूप थांबलं नव्हतं. पण इतकी वर्षं ते वाक्य तिच्या आत कुठे कुठे हिंडत राहिलं असेल, चुलीपाशी, विहिरीपाशी, आमच्या उशाशी गोष्ट सांगताना, हे आठवलं की अजून माझ्या पोटात खड्डा पडतो. अगस्तीचं नाव ती रोज घ्यायची. दोन वेळा.

चेसापीकवर ऑगस्ट जड असतो. पाणी कोमट, वारा पडलेला, आणि क्षितिज पांढुरकं. पर्किन्ससला ऊब लागते. पाणी वीस अंशांच्या वर गेलं आणि खारेपणा वाढला की त्याचे दिवस येतात, आणि उन्हाळाभर वाढत वाढत सप्टेंबरच्या आसपास तो कालवांना मारू लागतो. मेलेल्या कालवाचे शिंपले उघडे पडतात पण बिजागरीला जोडलेलेच राहतात, आत चिखल भरतो. तिथले वॉटरमन, म्हणजे पिढ्यान् पिढ्या याच पाण्यावर पोट असलेली माणसं, त्याला बॉक्स म्हणतात. लांब दांड्यांच्या चिमट्याने तळ उपसायचा आणि ढीग फळीवर ओतायचा. जिवंत, बॉक्स, बॉक्स, जिवंत, बॉक्स. एक मोठं कालव दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी गाळू शकतं म्हणतात. एकेकाळी या उपसागरात ती इतकी होती की जहाजांना त्यांच्या ढिगाऱ्यांपासून जपावं लागे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांनी ती खरवडून नेली, उरलेल्यांना आजारांनी गाठलं, आणि आज पूर्वीच्या शंभरातलं एखादंच उरलंय. समुद्र पिणाऱ्याचं पोटच दुखावलं.

आमच्याकडे भाद्रपदात पहाटे दक्षिणेला अगस्तीचा तारा उगवला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं जुनी माणसं सांगत. मेरीलँडमधून अगस्ती दिसत नाही. इतक्या उत्तरेला तो क्षितिजाच्या वर येतच नाही. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं, थंडीत फाट्याच्या धक्क्यावर उभी राहून मी दक्षिणेकडे बघायची, पाण्यावर नुसता नौदल अकादमीच्या बाजूचा उजेड सांडलेला असायचा.

त्या भटक्या पेशी देहाच्या आतच राहत नाहीत. कल्ल्यांची, प्रावरणाची त्वचा ओलांडून त्या शिंपल्याच्या पोकळीत, त्या बुळबुळीत ओलाव्यात बाहेर येतात, तिथे गस्त घालतात, आणि पुन्हा आत जातात. परजीवीला बाहेरच उचलून त्याच त्याला आत आणत असाव्यात, असं अलीकडच्या प्रयोगांवरून वाटतं. हे वाचलं त्या दिवशी मी मैत्रिणीला म्हटलं, मग त्यांनी घरातच राहावं ना. ती म्हणाली, "घरात राहिल्या तर खाणार काय?"

आणि परजीवीही तोच राहिलेला नाही. व्हर्जिनियातल्या एका सागरी संस्थेत 1960 पासूनच्या काचपट्ट्या जपून ठेवल्या आहेत, कालवांच्या मांसाचे रंगवलेले पातळ काप, हजारो. 2021 साली त्या पुन्हा पाहून झाल्यावर कळलं की 1980च्या दशकाच्या मध्यात पर्किन्सस बदलला: पेशी लहान झाल्या, पिढ्या भराभर येऊ लागल्या, आणि मांसाच्या खोल थरांतून त्याने आपला मुक्काम आतड्याच्या अस्तरात हलवला. तोवर एका दुसऱ्या आजाराने कालवांचं आयुष्य आखूड केलं होतं, यजमान लवकर जाणार म्हणून पाहुण्यानेही घाई शिकून घेतली असावी. ज्यांनी त्या पट्ट्या रंगवून खणांत लावल्या, त्यांतल्या कित्येकांना आपण कशाचा पुरावा ठेवतोय हे माहीतच नव्हतं. असल्या निरुद्देश जपणुकीवर माझा फार जीव आहे.

कालवंही बदलतायत, पण त्यांच्या संथ गतीने. परजीवीची विकरं बोथट करणारी प्रथिनं काहींच्या रक्तात जास्त असतात, ती कालवं थोडी अधिक टिकतात, थोडी अधिक अंडी सोडतात. आपल्या किनाऱ्यावरच्या कालवांतही याच कुळातले परजीवी सापडले आहेत. तिथल्यासारखा हाहाकार इथे ऐकला नाही.

माणसाला एवढा धीर नाही. चेसापीकच्या काठाने आता पिंजऱ्यांत कालवं वाढवतात, गुणसूत्रांचे तीन संच असलेली, न विणारी, झपाट्याने वाढणारी. एका शनिवारी मैत्रिणीने मला अशा शेतावर नेलं. शेतकरी साठीचा, हातात जाड मोजे, बोलता बोलता सुरीचं टोक बिजागरीत घालून मनगट फिरवायचा आणि शिंपला उसासा टाकल्यासारखा उघडायचा. डर्मोचं काय करता, मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांत ती ताटात जायच्या मापाची होतात. तिसऱ्या उन्हाळ्यात तो त्यांना मारतो. आम्ही त्याच्या आधी जेवायला बसतो."

त्याने एक कालव माझ्यापुढे धरलं. मैत्रीण म्हणाली, "डर्मो माणसाला बाधत नाही, घाबरू नकोस." लिंबू हवं का, त्याने विचारलं. मी नको म्हटलं. खारट, मग गोडसर, मग शेवटी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखं काहीतरी. त्याने मागच्या पिंजऱ्यांकडे मान वळवून सांगितलं की ही खेप मे संपायच्या आत विकून टाकायची, पाणी तापायला लागलं की त्याला झोप येत नाही.

मी अजून एक मागितलं.